कोल्हापुरात परवान्याचं रिव्हॉल्व्हर: निवड, वापर आणि निगा

गुजरीतला सराफ, हुपरीचा चांदीवाला, मार्केट यार्डात गुळाचे सौदे करणारा अडत्या, नाहीतर रानातल्या वस्तीवर एकटं घर असलेला शेतकरी. कोल्हापूर जिल्ह्यात लहान हत्याराचं लायसन मागायला जाणारी माणसं साधारण यातलीच असतात. वरातीत कमरेला दिसावं म्हणून मागणारेही असतात, पण हा लेख त्यांच्या उपयोगाचा नाही. ज्याच्या जिवाला किंवा जोखमीला खरंच धोका आहे आणि ज्याला हत्यार घेतल्यावर ते वर्षानुवर्षं सांभाळायचं आहे, त्याच्यासाठी हे लिहितोय.

आधी कागद

आपल्याकडे पोलीस आयुक्तालय नाही, त्यामुळे परवाना जिल्हाधिकारी देतात. याला लागू होतो तो शस्त्र अधिनियम १९५९ चा आणि शस्त्र नियम २०१६ चे. वय २१ पूर्ण हवं. अर्ज ऑनलाइन भरायचा, मग तुमच्या हद्दीतल्या पोलीस ठाण्याकडून अहवाल जातो. शारीरिक आणि मानसिक आरोग्याचं वैद्यकीय प्रमाणपत्र लागतं. हत्यार सुरक्षित हाताळण्याच्या प्रशिक्षणाचीही अट आहे, आणि ते प्रशिक्षण निव्वळ कागदापुरतं उरकू नका.

अर्जातलं कारण मोघम असेल तर अर्ज तिथंच अडतो. 'जीवितास धोका' एवढं लिहून भागत नाही. धमकी आली असेल तर तक्रारीची प्रत, रोकड किंवा सोनं-चांदी न्यायची असेल तर व्यवसायाचे कागद, वस्ती गावापासून लांब असेल तर तसा पुरावा जोडा. नकार आला तर कारणासह लेखी मागून घ्या, विभागीय आयुक्तांकडे अपील करता येतं. ओळखीनं काम करून देतो म्हणणाऱ्याच्या नादी लागू नका.

परवाना हातात आला की क्षेत्र कुठलं लिहिलंय ते सगळ्यात आधी वाचा: फक्त जिल्हा, महाराष्ट्र की अखिल भारत. कोल्हापूरकरांची गफलत इथंच होते. आपल्याला निपाणी-बेळगाव परकं वाटतच नाही, सौंदत्तीला तर घरच्यासारखं जाणं. पण कोगनोळीच्या नाक्यावर तुम्ही कर्नाटकात पोचलेले असता, आणि परवाना महाराष्ट्रापुरता असेल तर कमरेचं हत्यार तिथं बेकायदा ठरतं. जिल्ह्यापुरता परवाना असेल तर अंकलीचा पूल ओलांडून सांगलीत गेलात तरी तोच प्रकार. ज्यांचा धंदा सीमेपलीकडे आहे त्यांनी क्षेत्रवाढीचा अर्ज सुरुवातीलाच करावा.

२०१९ च्या दुरुस्तीनंतर एका माणसाला दोनच हत्यारं ठेवता येतात आणि परवान्याची मुदत पाच वर्षांची झाली. वाडवडिलांची बंदूक धरून तिसरं होत असेल तर ते नियमानुसार जमा करा किंवा दुसऱ्या परवानाधारकाला द्या.

कुठलं घ्यावं

सामान्य नागरिकाला प्रतिबंधित बोअर (नळीच्या व्यासाचं माप) मिळत नाही, म्हणजे नऊ एमएमचं पिस्तूल विसरा. प्रत्यक्षात निवड होते ती .३२ मध्ये, रिव्हॉल्व्हर की पिस्तूल अशी. .२२ चं रिव्हॉल्व्हरही मिळतं, वजनाला अगदी हलकं, पण स्वसंरक्षणासाठी त्याची गोळी फार किरकोळ.

ज्याचा हात महिन्यातून एकदाही हत्याराला लागणार नाही त्यानं रिव्हॉल्व्हरच घ्यावं, असं माझं ठाम मत आहे. पिस्तुलात गोळी चेंबरमध्ये आहे का, सेफ्टी लावलेली आहे का, मॅगझिन नीट बसलंय का, गोळी अडकली तर स्लाइड कशी ओढायची, या सगळ्याची हाताला सवय असावी लागते. मॅगझिन काढलं म्हणजे पिस्तूल रिकामं झालं, या समजुतीनं घरात अपघात झालेत. चेंबरमधली एक गोळी आतच राहते. रिव्हॉल्व्हर उघडलं की गोळ्यांची सगळी घरं एका नजरेत दिसतात. गोळी फुटली नाही तर पुन्हा ट्रिगर ओढायचा, पुढचं घर समोर येतं. नियमित रेंजवर जाणाऱ्यानं पिस्तूल जरूर घ्यावं, ते चपटं असतं आणि कपड्याखाली कमी फुगतं.

सरकारी कारखान्यांचीच हत्यारं बहुतेकांच्या हातात दिसतात. कानपूरचं .३२ मार्क तीन हे जुनं, सहा गोळ्यांचं, वजनाला सातशे ग्रॅमच्या आसपास. ते मधून मोडून उघडतं: वरची खिटी दाबली की नळी खाली झुकते आणि मागचा तारा झाडलेल्या गोळ्यांच्या रिकाम्या पुंगळ्या वर उचलतो. 'निर्भीक' २०१४ मध्ये आलं, टायटॅनियमच्या मिश्रधातूचं, सुमारे पाचशे ग्रॅम. पर्समध्ये मावेल म्हणून त्याची बरीच चर्चा झाली. २०२३ मध्ये 'प्रबल' आलं. ते मोडून उघडत नाही, गोळ्यांची घरं असलेली चक्री बाजूला निघते. प्रबलची जाहिरात ५० मीटरच्या पल्ल्याची झाली. तो आकडा डोक्यातून काढून टाका. स्वसंरक्षणाचं अंतर म्हणजे एका खोलीची लांबी, फार तर अंगणाची.

बाजारात जुनी विलायती हत्यारंही फिरतात आणि त्यांचे भाव ऐकून डोळे पांढरे होतात. सर्वसामान्यांसाठीची आयात ऐंशीच्या दशकातच बंद झाली, म्हणून तो भाव. शौक म्हणून ठीक आहे. रोज बाळगायला मात्र ज्याची स्प्रिंग मोडली तर मिळेल असंच हत्यार घ्यावं.

.३२ नावाची दोन वेगळी काडतुसं असतात हे ध्यानात ठेवा. रिव्हॉल्व्हरचं लांब, पिस्तुलाचं आखूड. ती एकमेकांत वापरायची नाहीत, आत शिरतंय असं वाटलं तरी. आपलं काडतूस बहुधा खडकीच्या दारूगोळा कारखान्याचं असतं आणि खोक्यावर प्रकार छापलेला असतो, तो वाचून घ्या.

दुकानात हातात घेतल्यावर

दुकानदारानं हातात दिलं की पहिलं काम ते उघडून रिकामं असल्याची खात्री करणं. त्यानं तुमच्यासमोर उघडून दाखवलं असलं तरी तुम्ही पुन्हा उघडा. नळीचं तोंड भिंतीकडे, बोट ट्रिगरच्या बाहेर.

मग विचारून, रिकामं असताना घोडा (ट्रिगर नव्हे, मागचा हॅमर) मागे ओढा आणि चक्री बोटानं हलवून बघा. किंचित हलली तर चालतं, खुळखुळली तर नको. सहाही घरांवर हेच करा, कारण एखाद्याच घराची खाच झिजलेली असते. मोडणारं असेल तर बंद करून कानाजवळ हलवा. बिजागरीचा किंवा खिटीचा आवाज येता कामा नये. नळीतून उजेडाकडे बघा. आत मधेच गडद कडं दिसलं तर तिथं नळी फुगलेली आहे, म्हणजे पूर्वी कधीतरी अडकलेल्या गोळीमागून दुसरी झाडलीय. असं हत्यार फुकट मिळालं तरी घेऊ नये.

घोडा न ओढता नुसता ट्रिगर दहा वेळा ओढून बघा. या चाळणीत बरीच माणसं अडकतात. आपल्याकडच्या रिव्हॉल्व्हरचा ट्रिगर जड असतो. साठी ओलांडलेल्या माणसाचं किंवा सांधेदुखी असलेल्या बाईचं बोट चौथ्या-पाचव्या वेळी थरथरायला लागतं. ज्याच्या नावावर परवाना आहे त्यानंच हे करून बघायचं, सोबत आलेल्या पोरानं नाही.

निघण्यापूर्वी हत्यारावरचा नंबर, बिल आणि परवान्यावरची नोंद हे तिन्ही अक्षर न् अक्षर जुळवून घ्या. एका आकड्याची चूक पुढं नूतनीकरणाला किती हेलपाटे घालायला लावते ते भोगणाऱ्यालाच माहीत.

सराव

नेमबाजीसाठी कोल्हापूरला दुसऱ्या कुणाकडे बघायची गरज नाही. २०१० ची जगज्जेती तेजस्विनी सावंत इथलीच, पिस्तुलात २०१८ च्या आशियाई स्पर्धेचं सुवर्ण आणणारी राही सरनोबत इथलीच, आणि पॅरिसमध्ये २०२४ ला कांस्य जिंकलेला स्वप्नील कुसाळे राधानगरी तालुक्यातल्या कांबळवाडीचा. दुधाळीच्या रेंजचं नाव शहरात सगळ्यांना ठाऊक आहे. खेळाच्या रेंजवर प्रामुख्यानं एअर आणि .२२ चालतात, तेव्हा .३२ ला परवानगी आहे का ते आधी विचारून घ्या. नसली तरी एअर पिस्तुलावर शिकलेली पकड, श्वास आणि ट्रिगरवरचं बोट वाया जात नाही.

उसाच्या फडाच्या बांधावर, पंचगंगेच्या काठावर किंवा मसाई पठारावर जाऊन 'दोन बार काढून बघू' हा प्रकार करू नका. गुन्हा तर आहेच, शिवाय जांभ्या दगडावर आपटलेली गोळी कुठं जाईल याचा नेम नाही.

सरावात दोन आवाज ओळखायला शिका. एक म्हणजे नुसता 'टक्'. गोळी फुटलीच नाही. नळी निशाण्याकडेच धरून निदान अर्धा मिनिट थांबा आणि मगच उघडा, कारण दारू कधी कधी उशिरा पेटते. दुसरा म्हणजे फुसका, दबका बार, हाताला नेहमीचा झटका नाही. हा जास्त घातक. गोळी नळीतच अडकलेली असू शकते. तिथंच थांबायचं, हत्यार रिकामं करायचं आणि नळी मोकळी असल्याची खात्री झाल्याशिवाय दुसरी गोळी झाडायची नाही.

घरी रिकाम्या हत्यारावर ट्रिगरचा सराव करायचा तर नकली काडतुसं घाला, आणि खरी काडतुसं त्या खोलीतच नकोत. .२२ मध्ये नकली काडतुसाशिवाय हा सराव करू नका, घोड्याची पिन घराच्या कडेवर आपटून दोन्ही खराब होतात.

कमरेला कसं बाळगावं

नियम सांगतात की सार्वजनिक ठिकाणी लहान हत्यार होल्स्टरमध्ये किंवा पाठपिशवीत, झाकलेलं असावं. उघडं मिरवणं, काढून दाखवणं, हवेत झाडणं यावर बंदी आहे. लग्नात, मिरवणुकीत बेदरकारपणे गोळीबार केला तर दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही.

होल्स्टर चांगलं हवं, आणि चामड्याच्या कामाला कोल्हापुरात तोटा नाही. चपला शिवणारा जुना कारागीर सुरेख होल्स्टर करून देतो, पण त्याला काय हवं ते तुम्ही सांगावं लागतं. ट्रिगरची कडी पूर्ण झाकली पाहिजे. तोंड कडक हवं, म्हणजे हत्यार काढल्यावर मिटणार नाही. वर बटणाची पट्टी हवी. पट्ट्याची खाच तुमच्या पट्ट्याइतकीच रुंद हवी, सैल नको. एक पथ्य मात्र पाळा: मापासाठी हत्यार त्याच्याकडे ठेवून येऊ नका. परवाना नसलेल्याच्या ताब्यात एक रात्रही हत्यार देणं गुन्हा आहे. सुताराकडून लाकडी नमुना करून घ्या आणि तो कारागिराला द्या.

पायजमा किंवा लेंगा घालणाऱ्या ज्येष्ठांचा प्रश्न वेगळा. नाडीवर पाऊण किलो लोखंड टिकत नाही, चार पावलांत खाली घसरतं. त्यांनी आतून खांद्याचा पट्टा तरी वापरावा, नाहीतर जाड पट्ट्याची पँट घालावी. कमरेच्या मागे, मणक्यावर कुणीच लावू नये. मोटारसायकलवरून पडलात तर पाठीचं काय होईल ते सांगायला नको. गाडीत बसल्यावर सीटबेल्टखाली हत्यार दाबलं जातं, त्यामुळे सतत गाडी चालवणाऱ्याला डाव्या बाजूला, मूठ उजवीकडे वळलेली अशी ठेवण बरी. डिकीत, टँकवरच्या बॅगेत किंवा गाडीच्या खणात ठेवून चहाला उतरायचं नाही.

जुन्या रिव्हॉल्व्हरमध्ये घोड्याखालचं घर रिकामं ठेवा, म्हणजे सहात पाचच गोळ्या. हत्यार हातातून पडलं तर घोड्यावर आदळून बार होण्याची भीती राहत नाही. पिस्तूल असेल तर मॅगझिन भरलेलं पण चेंबर रिकामं.

अंबाबाईच्या देवळात, कोर्टात, शाळेत, शस्त्रमुक्त म्हणून जाहीर केलेल्या जागेत नेऊ नका. उजळाईवाडीहून विमानानं जायचं तर काउंटरवर आधी सांगून, रिकामं करून, काडतुसं वेगळी बांधून सामानात द्यावं लागतं; विमान कंपनीला एक दिवस आधी फोन करा. आणि जिथं तांबड्या-पांढऱ्याबरोबर बाटल्या उघडणार आहेत तिथं जाताना हत्यार घरच्या तिजोरीत राहू द्या. यावर वाद नको.

हत्यार चालवायची वेळ आलीच तर कायदा काय म्हणतो ते माहीत असावं. १ जुलै २०२४ पासून लागू असलेल्या भारतीय न्याय संहितेत कलम ३४ ते ४४ खासगी संरक्षणाच्या हक्काची आहेत. जिवाची किंवा गंभीर दुखापतीची वाजवी भीती असेल तेव्हाच, आणि गरजेपुरतंच बळ, हा त्याचा गाभा. पाठ फिरवून पळणाऱ्या चोरावर गोळी झाडली तर आरोपी तुम्ही. वेळ येऊन गेल्यावर हत्यार खाली ठेवा, ११२ ला फोन करा, जागा जशीच्या तशी राहू द्या.

रानात आणि घाटात

'दाजीपूरला जातोय, बरोबर असू दे' असं म्हणणाऱ्याला आधी थांबवा. वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ नुसार अभयारण्यात मुख्य वन्यजीव रक्षकांच्या लेखी परवानगीशिवाय हत्यार घेऊन शिरता येत नाही. तुमचा शस्त्र परवाना तिथं कामाचा नाही. राधानगरी अभयारण्य त्यात आलं, चांदोलीही आलं.

शिवाय उपयोग तरी काय? पूर्ण वाढलेला गव्याचा नर हजार किलोच्या घरात जातो. त्याच्यावर .३२ ची गोळी म्हणजे त्याला चिडवण्याची तजवीज. चंदगड-आजऱ्याकडे हत्ती उतरतो, तिथं तर बोलायलाच नको. गवा दिसला तर वाट सोडून, वळसा घालून लांब व्हा. बिबट्याला पाठ दाखवून पळू नका, आवाज करत मागे सरका. रात्री पाण्याच्या पाळीला जाताना मोठी बॅटरी, काठी आणि सोबतीला माणूस न्या. प्राणी वस्तीत आला तर वन विभागाची मदतवाहिनी १९२६ आहे.

रानात हत्याराची गरज माणसापासून लागते: सामसूम रस्ता, रात्रीची रोकड, एकाकी वस्ती. तेवढ्यापुरतंच ते धरावं.

साफसफाई

झाडल्यावर त्याच दिवशी साफ करायचं, उद्यावर ढकलायचं नाही. न झाडताही महिन्यातून एकदा, आणि पावसाळ्यात दर आठवड्याला बाहेर काढून पुसायचं.

टेबलावर जुनं वर्तमानपत्र अंथरा, खिडकी उघडी, मुलं खोलीबाहेर. काडतुसं काढून दुसऱ्या खोलीत ठेवून या. .३२ चा पितळी ब्रश, दांडी, सुती चिंध्या, नळी साफ करायचं द्रावण, पातळ मशीन ऑइल आणि एक जुना दात घासायचा ब्रश, एवढं सामान पुरतं.

मोडणाऱ्या रिव्हॉल्व्हरचा मोठा फायदा इथं कळतो. नळी खाली झुकवली की मागून दांडी घालता येते, तोंडाची कड शाबूत राहते. चक्री बाजूला निघणाऱ्यात सांगाड्यामुळे मागून वाट नसते, तोंडाकडून घालावी लागते. तेव्हा दांडी बोटांनी मधोमध धरून चालवा. तोंडाची कड घासली गेली की नेम गेला.

आधी द्रावणाची ओली चिंधी एकदा फिरवा आणि दहा मिनिटं थांबा. मग ब्रश आठ-दहा वेळा आरपार. मधेच उलटा फिरवू नका, केस मोडतात. मग कोरड्या चिंध्या, काळपटपणा जाईपर्यंत. सहा घरांनाही हेच. नळीच्या मागच्या तोंडाशी, चक्रीला भिडते तिथं शिशाचा करडा थर बसतो, त्याला वेळ द्या.

आता पुंगळ्या उचलणारा तारा वर करा आणि त्याच्या खाली बघा. न जळलेल्या दारूचा मोहरीएवढा दाणा इथं अडकतो. तारा पूर्ण खाली बसत नाही, चक्री घासत फिरते किंवा फिरतच नाही, आणि माणूस दुरुस्तीला धावतो. दात घासायच्या ब्रशनं तिथं कोरडं झाडा. ताऱ्याखाली तेल सोडू नका, त्याला दारू आणखी चिकटते.

तेल शेवटी, आणि थेंबानं. बिजागरी, खिटी, चक्रीची दांडी, घोड्याची फट, एवढ्या ठिकाणी एकेक थेंब. नळीत तेलाची चिंधी फिरवून मागून एक कोरडी. घरं पूर्ण कोरडी ठेवायची, कारण तेल काडतुसाच्या टोपीत झिरपलं की ऐनवेळी 'टक्'. बाहेरून तेलकट फडकं फिरवा, बोटांचे ठसे पुसून टाका. घामाच्या ठशावर गंज आधी उठतो. खोबरेल वापरू नका, थंडीत गोठतं आणि पुढं चिकट होतं. रॉकेलनं धुतलं तर पूर्ण पुसून त्यावर तेल हवंच. शेवटी साबणानं हात धुवा, शिसं पोटात जायला नको.

आणि ठेवताना होल्स्टरमध्ये ठेवू नका. चामडं ओल धरतं. गगनबावड्याकडच्या पावसात आठ दिवसांत नळीवर तांबडे ठिपके उठतात. तेलकट सुती कापडात गुंडाळून, सिलिका जेलच्या पुडीसह भिंतीला पक्क्या केलेल्या लोखंडी पेटीत ठेवा. किल्ली तुमच्याकडे. काडतुसं वेगळ्या कुलपात. बायको-मुलांना पेटी कुठं आहे हे माहीत असलं तरी हत्यार परवानाधारकाचंच, त्यांनी ते हाताळायचं नाही.

महापूर आणि निवडणूक

राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेची इशारा पातळी ३९ फूट, धोका पातळी ४३. २०१९ आणि २०२१ ला पाणी ५५ फुटांच्या वर गेलं होतं. पूरपट्ट्यात घर असेल तर ३९ चा आकडा ऐकताच हत्यार, काडतुसं आणि परवाना हलवायची तयारी करा. नातेवाइकाच्या कपाटात ठेवून चालणार नाही. एक तर तुमच्याबरोबर, नाहीतर परवानाधारक दुकानात किंवा पोलीस ठाण्यात पावती घेऊन जमा. हत्यार पाण्यात गेलंच तर रिकामं करून आधी स्वच्छ पाण्यानं गाळ धुवा, वाळवा, तेलात भिजवा आणि परवानाधारक दुरुस्तीवाल्याकडून खोलून घ्या. भिजलेली काडतुसं उन्हात वाळवून परत वापरायची नाहीत. ती दुकानदाराकडं किंवा पोलिसांकडं रीतसर द्या. वाहून गेलं किंवा सापडत नसेल तर लगेच पोलीस ठाण्यात नोंद करा.

निवडणूक लागली की हत्यारं जमा करण्याचे आदेश निघतात. जमा करायच्या आदल्या दिवशी साफ करून नेहमीपेक्षा जास्त तेल लावा, तेलकट कापडात गुंडाळा, कारण पुढचे कित्येक आठवडे त्याला कुणी हात लावणार नाही. नंबर दिसेल असा फोटो काढा. पावतीवर हत्याराचा नंबर आणि काडतुसांची संख्या लिहून घ्या. परत घेताना तिथंच उघडून बघा आणि घरी आल्या आल्या साफ करा.

परवानाधारक वारला तर वारसांनी हत्यार घरात न ठेवता लगेच पोलीस ठाण्यात किंवा परवानाधारक दुकानात जमा करायचं आणि आपल्या नावासाठी अर्ज करायचा. धारकाचं वय ७० झालं किंवा हत्यार बाळगून २५ वर्षं झाली तर हयातीतच वारसाच्या नावावर करण्याचीही सोय २०१६ च्या नियमांत आहे. नूतनीकरणाचा अर्ज मुदत संपायच्या किमान दोन महिने आधी द्या आणि पोच सांभाळून ठेवा. मुदत संपलेल्या परवान्यावरचं हत्यार घरात असणं हाच गुन्हा धरला जातो.